पाच वाव पाणी

सोलापूरच्या माणसाला समुद्र भेटतो तो पुस्तकात, नाहीतर शुभवर्तमानात. आमच्या घरी मासा म्हटले की तो उजनीचा आणि त्यातही बहुधा चिलापी. बाकी समुद्राची ओळख आठवडी बाजारातल्या सुकटीपुरती आणि सुक्या बोंबलांपुरती. ज्वारीची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा एवढ्यावर आमच्या दोन पिढ्यांची खाऱ्या पाण्याची हौस भागली. पण सोलापूरकराने म्हणून मनाला फार लावून घेऊ नये. ज्याला आपण गालीलचा समुद्र म्हणतो तो मुळात गोड्या पाण्याचा जलाशय आहे आणि भीमेवर १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचा जलाशय तुडुंब भरला की विस्ताराने गालीलच्या सरोवराहून मोठा होतो. तिथला जो मासा ‘संत पेत्राचा मासा’ म्हणून यात्रेकरूंच्या ताटात येतो, तोही आमच्या चिलापीचाच भाऊबंद. तेव्हा प्रभूच्या शिष्यांचा धंदा समजून घ्यायला आम्हांला टेंभुर्णीपर्यंतचा प्रवास पुरला असता.

तरीही दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब मालवणला गेलो. आम्ही दोघे, दोन मुले आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहणारी त्यांची आजी. मालवणच का, असे शेजाऱ्यांनी विचारले. २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, तोवर सोलापूर आणि मालवण एकाच पुणे धर्मप्रांतात होते. आमच्या तरुणपणी धर्मप्रांताच्या मेळाव्यात देवबाग-मालवणकडची मुले भेटत, मासळीच्या गोष्टी सांगत आणि आमच्या शेंगाचटणीचा फडशा पाडत. त्यांना दिलेला शब्द पुरा करायला आम्हांला तीस वर्षे लागली, एवढेच.

मिरज, कोल्हापूर करीत घाट उतरून देवबागला पोहोचलो. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधोमध माडांची चिंचोळी पट्टी. या पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. आता इथे घरोघरी पाहुण्यांसाठी खोल्या आहेत आणि होडीतून गरवायला नेणारी माणसेही आहेत. गरवणे म्हणजे गरीने, गळाने मासे धरणे. सकाळी दोन-तीन तास होडी, दोऱ्या, आमिष आणि बरोबर एक जाणता माणूस असा तो हिशेब असतो. आमच्या वाट्याला आलेले तांडेल साठीच्या घरातले होते. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांनी तशी परवानगी दिली नाही आणि आम्ही मागितलीही नाही.

आदल्या संध्याकाळी त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले आणि म्हणाले, “उद्या पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार.” आमचा मुलगा गणितात बरा असूनही गोंधळला. मग कळले की कोकणात भरतीचे गणित तिथीवर बेतलेले असते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. किनाऱ्याकिनाऱ्यांत थोडे मागेपुढे होते, पण हिशेब चुकत नाही. पहाटे पावणेचारला भरती म्हणजे सूर्योदयाला ओहोटी चांगली लागलेली असणार. ओहोटीचे पाणी खाडीतली कोळंबी आणि बारीक मासळी ओढून बाहेर आणते आणि मोठा मासा मुखाशी तिची वाट पाहत थांबतो. माणसाने त्या मोठ्या माशाची वाट पाहायची. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी, अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचे, हेही त्यांनी मुलांना सांगितले. शाळेत चंद्राच्या कला शिकवताना कुणी मास्तर हे का सांगत नाही, असे आम्हांला वाटून गेले.

पहाटे मतलई वारा जमिनीकडून येत होता. होडीला एका अंगाला उलांडी होती आणि मागे लहानसे यंत्र. नांगर टाकल्यावर तांडेलांनी शिसे बांधलेली दोरी पाण्यात सोडली, तळ लागताच थांबवली आणि ओढून घेताना दोन्ही हात पसरून मोजली. एक हात पसरून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत एक वाव. साडेतीन भरले. सहा फुटांचा एक वाव धरला तर एकवीस फूट पाणी. मुलांनी लगेच आपापले वाव मोजले. धाकटीचा वाव चार फुटांचा निघाला, त्यामुळे तिच्यापुरता समुद्र अधिक खोल झाला.

मुलाच्या गळाला काहीच लागले नाही. लेकीच्या दोरीला ओढ लागली तेव्हा ती किंचाळून उभी राहिली. “चेडवा, घाय करू नको,” असे म्हणत तांडेलांनी तिला बसवले आणि दोरी तिच्याच हातात ठेवली. तांबोशीचे विताहूनही लहान पिल्लू निघाले. तिला ते घरी हवे होते. तांडेलांनी गरी अलगद सोडवली आणि पिल्लू पाण्यात टाकले. खाडीच्या तोंडाशी ही पिल्ले वाढतात आणि मग बाहेर जातात. ती इथेच संपली तर बाहेर काय जाणार, एवढेच ते बोलले. लेक रुसली. आजीने जपमाळ आटोपून “मी नुसती धरते हो” असे म्हणत दोरी बोटावर घेतली आणि अर्ध्या तासात शेरभराचा गोब्रा वर काढला. ती गोष्ट ती आता सोलापुरात येईल-जाईल त्याला सांगते आणि प्रत्येक वेळी गोब्रा वाढतो.

गळाचा विषय निघालाच आहे म्हणून एक नोंद करावीशी वाटते. शुभवर्तमानांत जाळी पुष्कळ आहेत, पण गळ एकदाच येतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात मंदिराचा कर भरायचा असतो, तेव्हा प्रभू पेत्राला गळ टाकायला सांगतो आणि पहिल्या माशाच्या तोंडात नाणे मिळते. पेत्र जाळ्यांचा माणूस. त्याच्यासारख्याला एक दोरी आणि एक गळ घेऊन बसायला सांगणे म्हणजे गवंड्याला खेळण्यातले घर बांधायला लावण्यासारखे. आमच्या तांडेलांकडे पाहताना तेच मनात आले. हा माणूसही मुळात जाळ्याचा, रापणीचा. करभरणा करायचा म्हणून हाती गळ आलेला.

परतताना आम्ही सहज म्हटले, “काका, रोज समुद्रावर, भाग्यवान आहात.” त्यांनी पश्चिमेला बोट दाखवले. क्षितिजावर दोन मोठ्या नौका होत्या. “त्या तिथे ऱ्हवाक होयेत. ह्या पाणी आमचा,” असे ते म्हणाले. आम्हांला तो अभिमानाचा उद्गार वाटला. सोलापूरला परतल्यावर वाचन केले, जाणत्यांना विचारले, तेव्हा ध्यानात आले की तो उद्गार नसून कायद्याचे कलम होते आणि त्या कलमामागे बराच मोठा इतिहास होता. तो आमच्या वाचकांना सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

रापण ही या किनाऱ्याची जुनी रीत. शेकडो मीटर लांबीचे जाळे होडीत घालून नेतात. त्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धचंद्राकार फिरते, जाळे सोडत येते आणि दुसरे टोक दूरवर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही दोरांना तीस-चाळीस माणसे लागतात आणि जाळे वाळूवर ओढतात. हे काम एका घराचे नव्हे, त्याला वाडी लागते. म्हणूनच मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. पूर्वी जाळी सुताची आणि तागाची असत आणि टिकावी म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून वाळवीत. गिरणगावात वाढलेल्या आम्हांला सुताचा हा उपयोग ठाऊक नव्हता. मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर हा धंदा गाबीत बांधव करतात, तसाच ख्रिस्ती कुटुंबेही करतात. दोर एक असला की धर्म विचारायला सवड नसते.

रापण मासळीच्या मागे जात नाही, मासळी किनाऱ्याला येण्याची वाट पाहते. बांगड्यांचे, तारल्यांचे थवे उथळ पाण्यात आले तर रापण भरते, नाहीतर रिकामी येते. या रीतीचे सारे बळ आणि सारे दुबळेपण एवढ्या एका गोष्टीत आहे.

भारत सरकार, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात १९५२ साली करार होऊन केरळात मासेमारी सुधारण्याचा प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता. मच्छीमाराला यंत्र मिळावे, बर्फ मिळावा आणि त्याचे कष्ट कमी व्हावेत. पुढे कोळंबीला परदेशात सोन्याचे मोल आले आणि १९६० नंतर यंत्राच्या पाठीवर बसून तळ खरवडणारा ट्रॉलर आला. नायलॉनचे जाळे आले. पाठोपाठ १९७० च्या दशकात पर्ससीन आले. बटव्याची दोरी ओढली की त्याचे तोंड मिटते, तसे हे जाळे थव्याभोवती फिरवून खालून आवळतात आणि थवाच्या थवा एका वेळी उचलतात. हे भांडवल बहुधा किनाऱ्यावरच्या वाडीचे नव्हते. कर्ज आणि अनुदान ज्याला मिळवता आले, त्याची नौका झाली. आणि या नौका खोल समुद्रात गेल्या असत्या तर आम्हांला हा लेख लिहावा लागला नसता. त्या उथळ पाण्यातच फिरू लागल्या, कारण कोळंबी तिथे, थवे तिथे आणि तेलाचा खर्चही तिथेच कमी.

या विरुद्ध पहिला मोठा आवाज आपल्या शेजारच्या गोव्यातून उठला. तिथे रापणीला रांपण म्हणतात. १९७० च्या दशकात गोव्याचे रांपणकार संघटित झाले. माथानी साल्ढाना हे पेशाने शिक्षक, ते त्यांचे नेते झाले. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवा, ही त्यांची मागणी. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, समुद्रात झटापटीही झाल्या. १९७८ मध्ये देशातील लहान मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला, तोच पुढे नॅशनल फिशवर्कर्स फोरम म्हणून ओळखला गेला. साल्ढाना त्याचे पहिले अध्यक्ष. पुढे रिडेम्प्टरिस्ट संघाचे फादर थॉमस कोचेरी यांनी ही धुरा वाहिली. केरळात पावसाळ्यात ट्रॉलर थांबवावेत म्हणून झालेल्या आंदोलनांत धर्मगुरू आणि धर्मभगिनी रस्त्यावर बसल्या होत्या. त्यावर पुष्कळांनी नाके मुरडली, आपल्यातल्यांनीही. १९८८ साली तिथे पावसाळी बंदी आली. साल्ढाना २०१२ मध्ये आणि फादर कोचेरी २०१४ मध्ये निवर्तले. आमच्या धर्मग्रामांतून त्यांची आठवण फारशी निघत नाही, याची खंत वाटते.

या रेट्यामुळे केंद्राने राज्यांकडे नमुना विधेयक पाठवले. केरळ आणि गोव्याने १९८० साली कायदे केले आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर, राज्याचा अधिकार. त्यातही उथळ पट्टीत यांत्रिक ट्रॉलरला मज्जाव, किनाऱ्याच्या काही भागांत पाच वाव खोलीपर्यंत तर काही भागांत दहा वावांपर्यंत. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे एकदम ते हात आले, ओली दोरी मोजणारे. सरकारी राजपत्राने मच्छीमाराचा हक्क मच्छीमाराच्याच अंगाने मोजला होता. पाच वाव म्हणजे तीस फूट. आम्ही साडेतीन वावांवर नांगर टाकला होता. आमच्या मुलांनी जिथे मौजेखातर गळ सोडले, ते पाणी कायद्याने वाडीसाठी राखून ठेवलेले होते आणि त्यासाठी माणसे झगडली होती.

कायदा झाला म्हणजे पाणी राखले गेले असे मात्र नव्हे. समुद्रात रेघ मारता येत नाही आणि रात्री वाव मोजायला कोणी जात नाही. पर्ससीनचा प्रश्न चिघळत गेला. २०१५ च्या सुमारास मालवण-आचरे पट्ट्यात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातला संघर्ष हातघाईवर आला. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीनवर कडक निर्बंध घातले आणि सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांत, ठरावीक परवान्यांनी ती चालवण्याचे ठरले. मग नवे संकट आले, रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासळी गोळा करण्याचे. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने त्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेला. तांडेलांना या साऱ्या तारखा ठाऊक नव्हत्या. “दिवे अजून दिसतत,” एवढेच त्यांना ठाऊक होते.

पर्ससीनवाल्यांचीही बाजू आहे, ती नाकारू नये. त्यांच्या नौकांवर खलाशी म्हणून राबणारेही गरीबच असतात, कर्जाचे हप्ते त्यांच्या मालकांनाही चुकत नाहीत आणि शहरातल्या आपल्या ताटाला स्वस्त बांगडा हवाच असतो. तरीपण एकाने थवा उचलायचा आणि चाळीसांनी रिकामा दोर ओढायचा, यात न्याय आहे असे आम्हांला म्हणवत नाही.

मग गळाची होडी कशी आली? तिचाही इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. शिवरायांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभली. त्या किल्ल्याभोवतीच्या समुद्रात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. प्रवाळ वाचावे हा हेतू होता, पण मच्छीमारांना ते आपल्या पोटावर आलेले कुंपण वाटले आणि त्यांनी विरोध केला. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. मुंबईचा पाहुणा आला, मग कोल्हापूरचा आणि सर्वांत शेवटी, नेहमीप्रमाणे, सोलापूरचा. ज्या वर्षी रापण रिकामी येई त्या वर्षी घरातली माजघराची खोली पाहुण्याला दिली जाई. हळूहळू होडीही दिली गेली. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या मच्छीमार भगिनी २०१७ पासून पाहुण्यांना स्वतः वल्हवीत कांदळवन दाखवतात. ज्या पुरुषी धंद्यात त्यांना मासळी विकण्यापलीकडे जागा नव्हती, तिथे त्यांनी वल्हे हाती घेतले, हे आम्हांला या सगळ्या कहाणीतले सर्वांत आशेचे पान वाटते.

शौक म्हणून गळ टाकणे आपल्याकडे रुजवले ते इंग्रज साहेबांनी. दक्षिण कानड्यात काम केलेल्या हेन्री सुलिव्हन थॉमस या अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. साहेबाच्या या शौकात मासा कुठे आहे हे साहेबाला दाखवणारा माणूस इथलाच लागे. आज साहेबाच्या जागी आम्ही बसलो आहोत. फरक पडला असेल तर इतकाच की होडी आता दाखवणाऱ्याच्या मालकीची आहे. हा फरक लहान नाही.

तांडेलांचा मुलगा मात्र रापणीला जात नाही. सकाळी पाहुणे, दुपारी पाहुणे, हातात रोख पैसे. रापणीत पहाटे चारपासून राबून वाट्याला काय येईल याचा नेम नाही. बापाने त्याला दोष दिला नाही. आम्हीही तो देऊ शकत नाही, आमच्या आजोबांनी माग सोडून नोकरी धरली तेव्हा त्यांना कुणी दोष दिला होता? पण गरवायला नेणाऱ्या त्या तरुणाला खडक कुठे आणि वाव किती हे ठाऊक आहे ते बापाच्या रापणीमुळे. त्याच्या मुलाला ते कुठून कळणार, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. होडीत विचारण्यासारखा तो नव्हता.

निघण्याच्या दिवशी पहाटे वाळूवर रापण ओढायला लागली होती. मुले धावली आणि दोराला लटकली. आम्हीही लागलो. दोर ओला, जड आणि तळवे सोलणारा. पाऊण तासाने जाळे वर आले. त्यात तारल्या, पेडवे, मोजके बांगडे, खेकडे, शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या. मंडळी वाळूवर बसली आणि चांगले टोपल्यांत, वाईट बाहेर असे निवडू लागली. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातल्या जाळ्याच्या दाखल्यात लोक हेच करतात, किनाऱ्यावर ओढतात आणि बसून निवडतात. मूळ ग्रीक ग्रंथात त्या जाळ्यासाठी जो शब्द आहे तो किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, म्हणजे रापणीचाच. आयुष्यभर तो दाखला ऐकूनही आम्ही मनात भलतेच जाळे धरून बसलो होतो.

मासळी थोडी होती. वाटे पडू लागले तसे आम्ही मागे सरलो. एका वयस्क बाईंनी आमच्या मुलांपुढे ओंजळ धरली. आम्ही म्हटले, “नको मावशी, आम्ही पाहुणे, आम्ही फक्त गंमत म्हणून...”

“दोरयेक हात लावलास ना? मगे वाटो घेवकच होयो.”

नऊ तारल्या आणि दोन बांगडे. आजीने पदर पुढे केला.